खोती गेली, नारळ राहिला

आमच्या आजाचा तुरुंगवास दर वर्षी वाढत जायचा. मी लहान होते तेव्हा तो काही आठवड्यांचा होता. मी हायस्कूलात गेले तोवर त्याचे महिने झाले, आणि मी पनवेलला टायपिंगच्या क्लासला जायला लागले तेव्हा आजाने इंग्रजांच्या कोठडीत एक अख्खा पावसाळा काढलेला होता. आजी चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणायची, "आजून थोडी वरसं जगले तं फासावर जातील." तुरुंग मात्र खरा होता. गावातून आजा आणि त्याचा मित्र गोमा असे दोघे पकडले गेले होते. आजाने घोषणा दिल्या म्हणून. गोमाचं म्हणणं असं, की तो खाडीत चिंबोऱ्या पकडत होता आणि पोलिसांना घाई होती. पण सुटून आल्यावर दोघांनाही हार घातले गेले, आणि आजाचं नाव हिराजी होतं हे गाव विसरलं. त्याला सगळे 'जेलवाले' म्हणायला लागले. गोमाला गोमाच म्हणत राहिले. त्याची त्याला खंत नव्हती. तुरुंगात गेलो त्या दिवशी पकडलेल्या चिंबोऱ्या कोणी खाल्ल्या, एवढंच तो अधूनमधून विचारायचा.

आजाचं भांडण खरं तर इंग्रजांशी कमी आणि खोताशी जास्त होतं. इंग्रज त्याने आयुष्यात एकच पाहिला, तोही पाठमोरा. खोत रोज दिसायचा. आता माझ्या नातवंडांना खोत म्हणजे आडनाव वाटतं, म्हणून सांगते. खोत म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणारा, आणि वसूल करता करता गावाचा मालक होऊन बसलेला माणूस. आमच्या पणज्याने खाऱ्या जमिनीत पिकवलेल्या भाताचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जायचा. खोताच्या घरी लग्न निघालं, की आमच्या घरच्या बायका वेठीला, म्हणजे फुकट राबायला जायच्या. आजाने एकदा भात द्यायला नकार दिला, तर खोताने त्याला भर दुपारी चिंचेला बांधून ठेवलं होतं. ती चिंच आम्ही लहानपणी रोज पाहायचो. तिच्या चिंचा फार आंबट नव्हत्या, त्यामुळे आम्हाला तिच्याबद्दल विशेष काही वाटायचं नाही.

मग स्वातंत्र्य आलं, मागून कायदा आला, खोती गेली, जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली. खोताचं कुटुंब घर विकून पनवेलला गेलं. सगळं गेलं, एक नारळ तेवढा राहिला. चैत्रात गावदेवीची जत्रा असते. देवीची पालखी देवळातून निघायची तर आधी तिच्यापुढे मानाचा नारळ फुटावा लागतो, आणि तो खोतानेच फोडायचा, अशी रीत होती. ती रीत कोणी मोडली नाही, कारण कायद्यात नारळाचा उल्लेख नव्हता. शिवाय देवीचं काम होतं, तिला विचारायचं कोणी? त्यामुळे दर जत्रेला खोताचा वारस पनवेलहून यायचा. देवळापुढे त्याच्यासाठी हातांची खुर्ची मांडली जायची, त्याला गंध लागायचं, हातात नारळ मिळायचा. तो खुर्चीत बसला की बाकीचा गाव उभा राहायचा. कोणी सांगितलेलं नव्हतं. पाय आपोआप सरळ व्हायचे.

नारळ फोडून झाल्यावर खोताला जेवायला घालायचं कोणी, हा प्रश्न खोती गेल्यावर पहिल्याच जत्रेला निघाला. कोणी तयार होईना. तेव्हा आजा पुढे झाला. "माज्या घरी जेवंल. मी वाढतो त्याला. बगू दे त्याला कोनाच्या हातचं जेवतो त्ये." हरलेल्या शत्रूला आपल्या ओसरीवर बसवून वाढण्यात आजाला केवढं समाधान होतं! वाढायचा अर्थातच तो नाही. वाढायच्या आजी आणि आई. खोत मासे-मटण खाणारा नव्हता, म्हणून त्याच्यासाठी पितळेची वेगळी भांडी घेतली गेली. ती वर्षभर माळ्यावर गोणपाटात असायची. जत्रेच्या आदल्या दिवशी ती खाली काढून चिंच आणि राखेने घासायची, ते काम माझं. त्या भांड्यांना मच्छीचा वाससुद्धा लागता कामा नये, आणि आमच्या घरात वाऱ्यालासुद्धा मच्छीचा वास होता. ओसरीवर सुके बोंबील, परसात जवळा वाळत घातलेला, चुलीवर निवट्यांचं कालवण. त्या घरात एका माणसासाठी वरण, भात आणि दुधीची भाजी सोवळ्यात करायची म्हणजे काय, ते आईला विचारायला हवं होतं. ती विचारण्याची वाट न पाहता सांगायची. "खोती गेली कोनाची? तुमची. माजी तं वाढली."

मी ज्या काळाचं सांगते आहे, तेव्हा खोत म्हणजे आमचे टायपिंगचे सर होते. जुन्या खोताचा नातू. बाजारात कापडाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास होता. आठ-दहा मशिनं एकदम चालली की खाली दुकानदार कापड मोजताना ओरडून बोलायचा. सर अंगाने किरकोळ, शर्टाला कायम शाईचा डाग, आणि बोलणं इतकं हळू की मशिनं थांबल्यावरच ऐकू यायचं. क्लासला येणारी निम्मी मुलं आसपासच्या गावांतली. ती सगळी त्यांना 'खोत सर' म्हणायची, आणि दर वेळी सर जरा दचकायचे. मी घरून निघताना आजा ओसरीवरून विचारायचा, "कुठं चाललीस?" "टायपिंगला." "कोनाकडं?" "खोत सरांकडं." यावर तो मिशीत हसायचा. खोत आता आपल्या नातीला शिकवतो, आणि त्याबद्दल आपण त्याला पैसे देतो, यात नेमकी कोणाची जिरली हे त्याला ठरवता येत नव्हतं, पण कोणाची तरी जिरली याचा आनंद होता.

जत्रेच्या काही दिवस आधी क्लास सुटल्यावर सरांनी मला थांबवलं.

"मंदा, तुझ्या आजोबांना एक निरोप सांगशील? म्हणावं, या वर्षीपासून मी जत्रेला येणार नाही."

"का सर? बरं नाही का?"

"बरं आहे. बरं आहे म्हणूनच सांगतोय." मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच सलग बोलले. "वर्षातून एकदा मला खुर्चीत बसवायचं, गंध लावायचं, हातात नारळ द्यायचा, आणि मग माझ्या आजोबांनी काय काय केलं ते तुझ्या आजोबांनी माईकवरून सांगायचं. सत्कार करतात की पंचनामा, तेच मला कळत नाही. माझे आजोबा मी पाहिलेसुद्धा नाहीत गं. भाड्याच्या खोलीत राहतो मी. गेल्या वर्षी माझ्या मुलीला बरोबर आणलं होतं, तर रिक्षात मला विचारते, बाबा, तुम्ही माणसांना झाडाला बांधता का?"

मला हसू आलं. सरांना नाही आलं.

"तुम्हीच सांगा ना सर त्यांना."

"मी? हिराजीबाबांना?" सरांनी चष्मा परत लावला. "नाही बुवा. मला भीती वाटते."

मी घरी आले तेव्हा आजा ओसरीवर जाळं सांधत बसला होता आणि गोमा समोर पाय पसरून विडी ओढत होता. या दोघांच्या बसण्याची मला अजून आठवण येते. भर उन्हाची वेळ, आत आजीच्या भाकरी थापण्याचा आवाज, बाहेर मिठागरांवरून येणारा खारा वारा, आणि हे दोघे एकमेकांना शिव्या देत तासन् तास बसलेले. आता तिथे उंच इमारत आहे आणि तिच्या गच्चीवरून म्हणे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. आम्हाला तो ओसरीवरून फुकट दिसायचा. असो. मी निरोप सांगितला.

आजाच्या हातातली सुई थांबली. "नाय येनार? नाय म्हंजे? खोताला नाय म्हनाचा हक्क दिला कोनी?"

"तूच दिलास," गोमा म्हणाला. "सवराज्य सगल्यांना मिल्लं. त्याला पन मिल्लं आसंल."

"गप रे. त्यो नाय आला तं मी भाषन कोनाम्होरं करू?"

"हां, ही मातुर पंचाईत हाय."

आतून आजी म्हणाली, "नाय येत तं नको येऊं दे. दुधी सस्त्यात सुटला."

पण आजाला ते लागलं होतं. रात्रीचं जेवण त्याने मुकाट्याने उरकलं, भाकरी जास्त भाजली म्हणून ओरडलासुद्धा नाही. तेव्हा मला त्याचा राग समजला नव्हता. आता समजतो. ज्याला हरवलं तो माणूस दर वर्षी समोर येऊन बसत होता, तोवर आपण जिंकलो याची आजाला खात्री होती. तोच 'मला सोडा' म्हणाला, तर तुरुंगात जाऊन आल्याचा पुरावा कुठे शोधायचा?

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळात गाव जमला. मी आईच्या मागे खांबाला टेकून बसले होते. बायकांना बोलायचं नसायचं, पण हसायला मनाई नव्हती. प्रश्न एकच होता. खोत येणार नाही, तर नारळ कोण फोडणार? सरपंच उभे राहिले आणि म्हणाले की आता लोकशाही आहे, तेव्हा खोताचा मान लोकांनी निवडून दिलेल्या माणसाकडे यायला हवा, आणि तो माणूस योगायोगाने ते स्वतः आहेत. खालच्या आळीने सांगितलं की गावदेवी मूळ खालच्या आळीतल्या विहिरीत सापडली. वरच्या आळीने सांगितलं की ती विहीर खणली वरच्या आळीने. एक जण म्हणाला, आता सगळे सारखे आहेत, तर प्रत्येक घराने एकेक नारळ फोडावा. हे सगळ्यांना पटलं. मग कोणीतरी विचारलं, "पयला कोनाचा?" आणि सभा परत पहिल्यापासून सुरू झाली. खोताचा मान नको, असं सगळ्यांचंच मत होतं. तो आपल्या शेजाऱ्याला मिळू नये, याबद्दल मात्र मत जास्त पक्कं होतं.

शेवटी कोणीतरी म्हणालं, "जेलवाल्यांनी फोडावा. त्यांच्यामुलं तं खोती गेली."

आजाला विरोध करता येईल असं कोणाला काही सुचेना. आजा म्हणाला, "नाय नाय, मना नको." आवाज खणखणीत होता. लोकांनी आग्रह केला. तो परत म्हणाला, "नको म्हनतो ना," पण खांद्यावरचा टॉवेल नीट करत. तिसऱ्यांदा त्याने नुसती मान हलवली, आणि ती कोणत्या दिशेला हलली हे ज्याने त्याने आपल्या सोयीने घेतलं.

घरी येताच आजाने सांगितलं, "खोताची भांडी काढा. आता दोन दीस मी त्यातच जेवनार. सवय व्हाला पायजे."

आई आजीकडे पाहायला लागली. आजीने मला माळ्यावर चढवलं, भांडी उतरवली, मला घासायला लावली, आणि संध्याकाळी त्या लखलखीत ताटात आजाला जेवायला वाढलं. वरण, भात, दुधी. आमच्या पानांत कोलंबी होती. आजाने ताटाकडे पाहिलं, मग आमच्या पानांकडे.

"आनि कोलंबी?"

"त्या भांड्यांना मच्छी लावत नाय," आजी म्हणाली. "खोताचं ताट हाय त्ये. तुमीच नेम घातला."

"आगं, पन मी खोत हाय का?"

"मना काय ठाव? भांडी तुमी मागितली."

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंबोऱ्यांचं कालवण होतं आणि खोताच्या ताटात परत दुधी. गोमा मुद्दाम जेवायच्या वेळेला आला, आजाच्या समोर बसला आणि नांग्या फोडून फोडून आवाज करत जेवला. आजाने दुधी गिळला, पण ताट बदल असं तो म्हणाला नाही. मान मोठा असतो आणि माणूस हट्टी. आजीनेही कोलंबीचा एक दाणा दिला नाही. त्या दोन दिवसांत ती जितक्या मनापासून स्वयंपाक करत होती, तितक्या मनापासून तिने तो एरवी केलेला मला आठवत नाही.

जत्रेच्या सकाळी आजाने धुतलेलं धोतर, कोट आणि पांढरी टोपी घातली. देवळाबाहेर दुकानं लागली होती. बांगड्या, खाजं, शेव, फुगे, गोल फिरणारा पाळणा. बँजोवाले आपले ताशे ऊन दाखवून तापवत होते. पालखी सजून तयार होती आणि तिचे भोई खांद्यावर फडकी टाकून उन्हात उभे होते. खुर्ची मांडलेली होती. आजा चालत आला, क्षणभर थांबला आणि खुर्चीत बसला.

आणि गाव उभा राहिला.

गोमा नेहमीप्रमाणे देवळाच्या पायरीवर बसलेला होता. तोही उठला. आजाने त्याला हाक मारली, "गोम्या, ये, हितं बस बाजूला."

"नको. आमी उभं बरं."

"आरं बस ना!"

"खोताम्होरं कवा कोन बसलंय?" गोमा म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, हेच मला चमत्कारिक वाटलं. चेष्टा करताना तो नेहमी आधी स्वतः हसून घ्यायचा.

"मी खोत नाय!"

"मंग त्या खुर्चीत कोन हाय?"

आजाने इकडे तिकडे पाहिलं. त्याच्याबरोबर आयुष्य काढलेली माणसं हात पुढे बांधून उभी होती. कोणी शिवी देत नव्हतं, कोणी तंबाखू मागत नव्हतं. मला वाटतं, त्या खुर्चीतून गाव कसा दिसतो हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. तो उठला. इतक्या झटक्यात उठला की खुर्ची मागे कलंडली. नारळ वर धरून तो ओरडला, "ज्याला फोडाचा त्यानं फोडा! मना नको ह्यो मान!"

कोणी पुढे येईना. सरपंच चपलेचा अंगठा पाहायला लागले. सभेत ज्यांनी ज्यांनी हक्क सांगितला होता, ते सगळे एकेक पाऊल मागे सरकले. जेलवाल्यांनाच जो मान पचला नाही, तो आपल्याला कसा पचावा? ऊन वाढत होतं. भोई पाय बदलत होते. देवी आत थांबलेली.

तेवढ्यात आजाची नजर खाज्याच्या दुकानावर गेली. तिथे खोत सर उभे होते, बरोबर त्यांची मुलगी, तिच्या हातात फुगा आणि सरांच्या हातात खाज्याचा पुडा. आयुष्यात पहिल्यांदा साधी जत्रा पाहायला आले होते बिचारे.

"खोत!" आजा ओरडला.

सर पुडा लपवायला लागले, का ते देव जाणे. गर्दी दुभंगली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी सुटका दिसली, जणू हरवलेलं जनावर गोठ्यात परत आलं. "खोत आले! खोत आले!" म्हणत लोकांनी त्यांना पुढे लोटलं. कलंडलेली खुर्ची कोणीतरी लगबगीने उभी केली.

"अहो, मी पाहायला आलोय नुसता," सर म्हणाले. "मी बसणार नाही."

आजा त्यांच्यासमोर गेला. नारळ काखेत धरला आणि त्याने हात जोडले. मी डोळ्यांनी पाहिलं ते. "खोत, येवढा फोडा. गावाची आब्रू जाते."

सरांनी घाईघाईने त्याचे हात धरले. "हात नका जोडू, हिराजीबाबा. ते जोडायला लागू नयेत म्हणून तर तुरुंगात गेला होतात ना तुम्ही?"

एवढं बोलून सर स्वतःच घाबरले. पण आजा गप्प राहिला, आणि गाव गप्प राहिला, आणि त्या शांततेत सरांचा हळू आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आला. "बरं. मला खोत म्हणता ना? मग माझं ऐका. आजपासून हा मान कोणाचा नाही. खुर्ची नाही, गंध नाही. नारळ कोणीही फोडा."

"खोतांनी हुकूम दिला!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळीकडून माना डोलल्या. इतकी वर्षं कायदा आला, झेंडा आला, भाषणं झाली, पण नारळ सुटला तो खोताने सांगितलं तेव्हा. आजाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"पन कोनी बी म्हंजे कोन?" सरपंचांनी विचारलं. "नाव सांगा सायेब."

"कोणीही म्हणजे कोणीही!"

"त्ये बराबर. पन नाव?"

सरांनी चोहीकडे पाहिलं. आजी बायकांच्या घोळक्यातून पुढे आली होती. तिचं काम वेगळंच होतं. ती आजाला ओरडायला आली होती की भात निवतो, पंगत कधी बसायची. सरांना तीच पहिली दिसली.

"ह्या आजींनी फोडावा," ते म्हणाले.

कुजबुज उठली. देवीपुढे बाईने नारळ फोडलेला कोणी पाहिला नव्हता. घरात रोज फोडतात, ते वेगळं. पण खोताचा हुकूम होता, त्यामुळे मोठ्याने कोणी काही बोललं नाही. आजा सगळ्यांत अडचणीत सापडला होता. हुकूम मानावा तर आयुष्यभराचं भांडण फुकट, आणि न मानावा तर काय म्हणून?

त्याला ठरवायची वेळच आली नाही. आजी म्हणाली, "मी नाय."

"अहो आजी, मी सांगतोय ना," सर म्हणाले.

"तुमी सांगता म्हनूनच नाय. तुमच्या घरच्या हुकमानं माजी सासू वेठीला गेली. वली बालंतीन व्हती तवा गेली. मान-पान सगलं तुमचं. खोताच्या हुकमानं मी नारल फोडनार नाय."

सर लालबुंद झाले. गोमा हळूच म्हणाला, "वयनी, जेलात तुला धाडाला पायजे व्हतं." आजाने एकदम छाती पुढे काढली. त्याला वाट सापडली होती. "बराबर हाय! खोताच्या हुकमानं नको. माज्या हुकमानं फोड."

"तुमच्या हुकमानं?" आजी त्याच्याकडे वळली. "तुमच्या हुकमानं दोन दीस दुधी रांधला. बास झाला."

देवळापुढचा गाव असा हसला की बँजोवाल्यांना वाटलं पालखी निघाली, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आता त्या आवाजात कोणालाच काही ऐकू येईना, ना हुकूम, ना नकार. आजी आजासमोर उभी होती. तिने हात पुढे केला. मागितलं नाही, नुसता हात पुढे केला. आजाने नारळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि काही न बोलता नारळ तिच्या हातात ठेवला. त्याच्या ओठांची हालचाल मी पाहिली. त्याने काहीतरी म्हटलं होतं. काय, ते त्याने पुढे कधीच सांगितलं नाही आणि आजीला विचारलं की ती म्हणायची, बँजो वाजत व्हता.

आजीने पदर खोचला, पायरीच्या दगडापाशी गेली, आणि मागे उभ्या असलेल्या आजाला, सरांना, सरपंचांना हाताने बाजूला सारत म्हणाली, "मागं व्हा, उडंल." मग परसात फोडते तसा, एका फटक्यात फोडला. पाणी आजाच्या कोटावर आणि सरांच्या शर्टावर सारखंच उडालं. पालखी उठली.

त्या दुपारी सर पंगतीत पत्रावळीवर जेवले. शेजारी आजा होता, आणि त्याच्या पत्रावळीवर मटणाचा रस्सा वाहून जमिनीवर आला होता, तरी तो आणखी मागत होता. अधूनमधून थांबून कुरकुरत होता, "हुकूम दिला खोतानं, फोडला बायकोनं. मंग मी जेलात कशाला गेलतो?" गोमा तोंडातलं हाडूक काढून म्हणाला, "तुजं नाय ठाव. मी चिंबोऱ्यांसाठी गेलतो." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि आईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या आदळला. नेहमीचाच, मच्छीच्या घरातला.

पुढच्या चैत्रात सगळा गाव आजीकडे पाहायला लागला. कोणीतरी तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणली. आजी खवळली. "एकदा फोडला म्हंजे मी काय खोतीन झाली?" असं म्हणून तिने नारळ मागे न पाहता मागच्या माणसाच्या हातात दिला. तेव्हापासून आमच्याकडे तीच रीत पडली. गेल्या वर्षी ज्याने फोडला, त्याने या वर्षी न पाहता मागच्याला द्यायचा. मी माझं कामोठ्यातलं दुकान बंद ठेवून अजून दर जत्रेला जाते. जमिनी विकून मोठी झालेली मंडळी, तीन-चार बिल्डर, झालेले आणि होऊ घातलेले नगरसेवक पहाटेपासून नेमक्या त्या माणसाच्या पाठीशी उभे राहण्यासाठी एकमेकांना कोपरं मारत असतात. गेल्या वर्षी तर त्यातल्या एकाचा चष्मा फुटला. आणि या सगळ्या ढकलाढकलीत नारळ गेला तो बांगडीवालीच्या हातात. ती चुकून तिथे उभी होती. तिने घाबरून इकडे तिकडे पाहिलं, "फोडू?" असं विचारलं, आणि कोणी उत्तर द्यायच्या आत फोडून मोकळी झाली.